भोगवटादार वर्ग-२

घराचे कागद हातात आले त्या दिवशी अण्णा आमच्याकडेच होते. ओहायोतल्या कोलंबस शहराला लागून डब्लिन नावाचं उपनगर आहे, तिथे आम्ही अकरा वर्षं भाड्यानं राहून शेवटी घर घेतलं. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या वडीलधाऱ्यांना दुपारी इथे करायला फारसं काही नसतं. अण्णांनी चष्मा पुसला, जेवणाच्या टेबलावर खरेदीखत पसरलं आणि जावयाला न विचारता वाचायला घेतलं.

दहा मिनिटांनी हाक आली. "अगं, हे बघ. काउंटी कळली, गाव कळलं. पुढे 'व्हर्जिनिया मिलिटरी सर्व्हे' आणि नंबर लिहिलाय. सर्व्हे नंबर समजला. पण मिलिटरी कशाला? आणि व्हर्जिनिया तर लांब तिकडे, डोंगरापलीकडे ना?"

मला माहीत नव्हतं. मी सह्या केल्या होत्या, तेवढ्याच पानांवर जिथे पिवळे बाण चिकटवले होते.

अण्णांनी सातारा जिल्ह्यात तीस वर्षं मोजणी खात्यात काढली. बांधावरची भांडणं, पळवलेले हद्दीचे दगड, 'साहेब, फूटभर इकडे घ्या की' म्हणणारे भाऊ, सगळं बघून झालेलं. घरी माळ्यावर एक गंजलेली साखळी होती. ३३ फुटी, १६ आण्यांची. लहानपणी आम्ही तिची आगगाडी करायचो आणि ओरडा खायचो. त्या साखळीनं चारी बाजू मोजल्या की एक गुंठा, असे ४० गुंठे झाले की एकर. हा पाढा मला बाराखडीबरोबरच आला. पण तेहतीसच फूट का, हे कधी विचारावंसं वाटलं नाही.

"बरं, तुमच्या त्या टायटल कंपनीनं किती मागे जाऊन तपासलं?" अण्णांचा पुढचा प्रश्न.

ते मात्र मला ठाऊक होतं. ओहायोच्या कायद्याप्रमाणे मालकीची साखळी चाळीस वर्षं मागे नीट जुळली की सहसा पुरतं.

"चाळीसच? आणि त्याच्या आधी कोणाचं होतं?"

मी म्हटलं, शेत असेल कोणाचं तरी. मक्याचं नाहीतर सोयाबीनचं.

"त्याच्या आधी?"

तीस वर्षं लोकांचे जुने फेरफार उकरून काढलेल्या माणसाला 'असेल कोणाचं तरी' हे उत्तर चालत नाही. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन बसले, आणि पुढचे दोन-तीन महिने आम्हा बापलेकींना हेच वेड लागलं.

व्हर्जिनियाचं कोडं पहिल्यांदा सुटलं. स्वातंत्र्ययुद्धात सैन्य उभं करायचं, पण वसाहतींकडे पैसा नव्हता. जमीन मात्र होती, निदान आपली आहे असं त्या धरून चालल्या होत्या. व्हर्जिनियानं आपल्या सैनिकांना जमिनीचं वचन दिलं: साध्या शिपायाला शंभर-दोनशे एकर, जनरलला दहा-पंधरा हजार. १७८४ मध्ये व्हर्जिनियानं ओहायो नदीपलीकडच्या प्रदेशावरचा आपला दावा नव्या संघराज्याच्या हवाली केला तेव्हा एक तुकडा सैनिकांसाठी राखून ठेवला. सायोटो आणि लिटल मायामी या दोन नद्यांमधला, चाळीस लाख एकरांहून मोठा. आमचं घर सायोटोच्या पश्चिमेला, म्हणजे बरोबर त्या तुकड्यात.

"म्हणजे इनामवर्गाची जमीन," अण्णा म्हणाले. एका शब्दात फाइल बंद.

पण इनाम मिळालेले शिपाई इथे आलेच नाहीत. बहुतेकांनी आपला हक्काचा कागद मिळेल त्या भावाला विकून टाकला. व्हर्जिनियात घरदार असलेला माणूस एका कागदाच्या भरवशावर जंगलात कशाला येईल? कागद गोळा केले सट्टेबाजांनी, आणि जमीन शोधून मोजून देण्याचं काम घेतलं मोजणीदारांनी. नथॅनियल मॅसी, ल्यूकस सुलिव्हंट ही यातली गाजलेली नावं. सुलिव्हंटनं १७९७ मध्ये सायोटोच्या काठावर फ्रँकलिंटन वसवलं, तेच पुढे कोलंबसच्या पोटात गेलं. या लोकांची मजुरी जमिनीतच असायची; कधी चौथा हिस्सा, कधी तिसरा, कधी थेट अर्धा. हे ऐकल्यावर अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आम्हाला तर चहासुद्धा घ्यायची चोरी होती."

या पट्ट्यातली मोजणी कशी झाली ते जुन्या नोंदी वाचताना दिसतं. आधी कागद, मग पसंतीची जागा, मग आकार. ज्याला जे हवं ते त्यानं कापून घेतलं: ओढ्याकाठची काळी जमीन आत, खडकाळ बाहेर. सुरुवात दोन ओक आणि एका हिकरीच्या झाडापासून, तिथून अमुक दिशेला इतके पोल (जमीन मोजायचं जुनं माप), शुगर मेपलच्या झाडापर्यंत, तिथून ओढ्याच्या वळणानं खाली, आणि शेवटी परत पहिल्या खुणेशी. झाडावर कुऱ्हाडीनं खाच मारायची, ती हद्दीची खूण. अण्णांना हे फारच आवडलं. "आपल्या जुन्या खतात असतं बघ, पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस चिंचेचं झाड. आणि पन्नास वर्षांनी झाडही नाही, ओढाही सरकलेला. मग कोर्ट." इथेही तेच झालं. तुकडे एकमेकांवर चढले, मधे फटी राहिल्या, वकिलांच्या पिढ्या पोसल्या गेल्या.

नदीच्या पलीकडे वेगळाच कारभार. तिथे संघराज्याच्या सैनिकांसाठी ठेवलेल्या जमिनी, पाच-पाच मैलांच्या चौकोनांत मोजलेल्या. मी कामाला जाताना रोज नदी ओलांडते. पश्चिमेकडचे जुने रस्ते तिरके, वळणाचे, आणि पूर्वेला गेलं की सरळ. इतकी वर्षं मला ती नगररचनेची हौस वाटायची.

हे चौकोनांचं खूळ १७८५ चं. युद्ध जिंकलेल्या काँग्रेसच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता आणि कर बसवायचा अधिकार नव्हता. उरली जमीन. त्या वर्षीच्या मे महिन्यात कायदा झाला: पश्चिमेकडची सगळी जमीन विकण्याआधी मोजायची, सहा मैल लांब-रुंद टाउनशिप पाडायची, तिचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा. सोळावा तुकडा गावच्या शाळेसाठी. भाव कमीत कमी एकरी एक डॉलर, आणि निदान अख्खा तुकडा घ्यायचा. टॉमस हचिन्स नावाच्या सरकारी भूगोलतज्ज्ञानं ३० सप्टेंबर १७८५ ला पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवर, ओहायो नदीच्या काठी पहिली खूण रोवली. ईस्ट लिव्हरपूल गावाजवळ रस्त्याच्या कडेला तिचं स्मारक आहे, पण खरी जागा तिथून हजारेक फूट दक्षिणेला, आता नदीच्या पाण्याखाली. तिथून निघालेल्या चौकोनांनी पुढे देशाचा बहुतेक भाग झाकला. विमानातून खाली बुद्धिबळाच्या पटासारखी शेतं दिसतात, त्यांचं मूळ हे.

आणि मोजलं कशानं? गंटरच्या साखळीनं. ६६ फूट, १०० कड्या, ८० साखळ्यांचा मैल, दहा चौरस साखळ्यांचा एकर. एडमंड गंटर या इंग्रज गणित्यानं १६२० च्या सुमारास ती तयार केली. ६६ चे निम्मे ३३. अण्णांनी पाकिटावर हिशेब मांडला: ६६ बाय ६६ म्हणजे चार गुंठे, असे दहा म्हणजे चाळीस, एक एकर. आमच्या माळ्यावरची ती गंजकी आगगाडी या साखळीची अर्धी बहीण निघाली. इंग्रजांनी एकर जिथे जिथे नेला तिथे तिथे तिचं नातेवाईक गेलं. अण्णांनी ते पाकीट जपून ठेवलं, विजेच्या बिलाचं होतं तरी.

६४० डॉलर रोख कुठल्या शेतकऱ्याकडे असणार? त्यामुळे जे गरीब होते ते कायद्याची वाट न बघता नदी ओलांडून आले आणि झोपड्या घालून बसले. सरकारनं सैन्य पाठवून त्या झोपड्या जाळल्या, माणसं पुन्हा आली. अतिक्रमण हटाव मोहिमेचं पुढे काय होतं ते आपल्याला सांगायला नको. मोठ्यांची गोष्ट वेगळी. बॉस्टनच्या एका खानावळीत १७८६ मध्ये ओहायो कंपनी स्थापन झाली, तिनं काँग्रेसकडून पंधरा लाख एकरांचा सौदा केला. कागदावर भाव एकरी डॉलरच्या आसपासचा. मात्र भरणा भाव कोसळलेल्या सरकारी रोख्यांत चालणार होता, त्यामुळे खरा खर्च एकरी दहा सेंटही आला नाही. एप्रिल १७८८ मध्ये रूफस पटनम आपली माणसं घेऊन मस्किंगम नदीच्या तोंडाशी उतरला आणि मॅरिएटा वसलं. तिथे हजारो वर्षांपूर्वीचे मातीचे प्रचंड उंचवटे उभे होते. नव्या गावकऱ्यांनी ते राखले हे खरं, पण नावं दिली लॅटिन. एका उंचवट्याभोवती दफनभूमी केली.

आता खरी अडचण. ही सगळी मोजणी, इनामं, सौदे ज्या जमिनीचे, तिथे माणसं राहत होती. शॉनी, मायामी, लेनापे (ज्यांना गोरे डेलावेअर म्हणत), वायंडॉट, ओटावा आणि आणखी कितीतरी. गावं होती, मक्याची शेतं होती, मैलोन् मैल. ही गोष्ट काँग्रेसला माहीत नव्हती असं कोणी म्हणू नये. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या (म्हणजे ओहायो नदीपलीकडच्या या मुलखाच्या) कायद्यात स्पष्ट लिहिलंय की इंडियन लोकांशी नेहमी पूर्ण सचोटीनं वागलं जाईल आणि त्यांच्या संमतीशिवाय त्यांची जमीन कधीही घेतली जाणार नाही. मी ते कलम अण्णांना वाचून दाखवलं.

"कलम चांगलंय," ते म्हणाले. "संमती कोणाची घेतली?"

हा सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न, आणि तो सुचायला इतिहास शिकावा लागत नाही, मोजणी खात्यात नोकरी केलेली पुरते. १७६८ मध्ये फोर्ट स्टॅनविक्सला इंग्रजांनी इरोक्वॉय नावाच्या दुसऱ्याच जमातींकडून ओहायो नदीच्या दक्षिणेची जमीन विकत घेतली. तिथे शिकार करत शॉनी. चुलत्यानं पुतण्याचं रान विकावं तसं. युद्ध संपलं तेव्हा इंग्रजांनी १७८३ च्या तहात सगळा प्रदेश अमेरिकेला देऊन टाकला, त्या तहात इथल्या लोकांचा उल्लेखसुद्धा नाही. मग १७८४ पासून पाच वर्षांत चार तह झाले, चार किल्ल्यांत. दर वेळी सापडतील तेवढे पुढारी गोळा करायचे, कधी ओलीस ठेवायचे, कधी दारू, कधी धाक, आणि सही.

यावर त्या लोकांनी एकत्र बसून जे उत्तर दिलं ते ऐकून अण्णा खुर्चीत सरळ झाले. त्यांचं म्हणणं असं: ही जमीन आम्हा सगळ्यांची मिळून आहे. कोणा एका टोळीनं दिलेला तुकडा आम्हाला मान्य नाही, सगळ्यांच्या एकमतानं झालेला व्यवहारच खरा.

"सामाईक खातं!" अण्णा म्हणाले. "सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या पाहिजेत. एका भावानं परस्पर विकलं तर व्यवहार रद्द. बरोबर बोलतायत ते."

बरोबर बोलून भागलं नाही. १७९० मध्ये एक अमेरिकन फौज मार खाऊन परतली. पुढच्या वर्षी ४ नोव्हेंबरला पहाटे, वाबॅश नदीच्या उगमापाशी, गव्हर्नर सेंट क्लेअरची फौज मायामींचा लिटल टर्टल, शॉनींचा ब्लू जॅकेट आणि लेनापेंचा बकाँगाहेलस यांच्या लोकांनी कापून काढली. सहाशेहून जास्त सैनिक पडले. मूळ रहिवाशांशी झालेल्या कुठल्याही लढाईत अमेरिकन सैन्याचे इतके लोक ना आधी पडले, ना नंतर. माझ्या मुलीच्या शाळेत कस्टर नावाचा अमेरिकन सेनानी मूळ रहिवाशांकडून हरला ती लढाई शिकवतात. ही नाही, आणि शाळा ओहायोत आहे.

त्या विजयानंतरचा एक कागद मात्र मी दोन-तीनदा वाचला. १७९३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे आयुक्त तडजोडीला आले होते. म्हणाले, ओहायोच्या उत्तरेला आमचे लोक वसलेत, त्यांना आता उठवता येणार नाही. त्याऐवजी भरपूर पैसे घ्या. एकत्र बसलेल्या राष्ट्रांनी मॉमी नदीकाठून लेखी उत्तर पाठवलं. मतलब असा: पैशाची आम्हाला किंमत नाही, आमच्यातल्या बऱ्याच जणांना तो माहीतही नाही. पण तुमचे वसाहतवाले गरीब असले पाहिजेत, नाहीतर अशा सतत धुमसणाऱ्या मुलखात कोण येऊन राहील? तेव्हा आम्हाला देऊ केलेली ही मोठी रक्कम त्यांच्यातच वाटून टाका. दरवर्षी देणार होतात तीही द्या. आणि आमच्याशी लढायला फौजा उभ्या करण्याचा खर्च मिळवलात, तर त्यांची मेहनत आणि घरदार भरून देऊनही पैसे उरतील. ते आनंदानं निघून जातील. आम्ही आणखी मागे सरकू शकत नाही, मागच्या मुलखात आहे त्यांनाच खायला पुरत नाही. या एवढ्याशा जागेत हाडं ठेवायची असं आम्ही ठरवलंय.

पुनर्वसनाची इतकी नीट योजना मी सरकारी कागदात क्वचित वाचली असेल. शिवाय हिशेबही बरोबर होता. आयुक्त एक-दोन दिवसांतच परतीच्या वाटेला लागले.

वर्षभरानं, २० ऑगस्ट १७९४ ला, जनरल अँथनी वेननं फॉलन टिंबर्सला त्यांना हरवलं. ज्या इंग्रजांच्या भरवशावर ते होते त्यांनी जवळच्या किल्ल्याचं दार उघडलं नाही. वेननं मैलोन् मैल मक्याची उभी पिकं जाळली. पुढच्या उन्हाळ्यात उपाशी माणसं ग्रीनव्हिलच्या किल्ल्यात तहाला बसली.

त्या सभेचं इतिवृत्त छापलेलं आहे, आणि वाचताना ते तहाचं वाटतच नाही, हद्दीच्या दाव्याची सुनावणी वाटते. २२ जुलै १७९५ ला लिटल टर्टल उठला आणि त्यानं आपल्या जमिनीची हद्द तोंडी सांगितली. माझ्या पूर्वजानं पहिला विस्तव डेट्रॉइटला पेटवला. तिथून त्याची रेषा सायोटोच्या उगमापर्यंत. तिथून सायोटोच्या मुखापर्यंत. तिथून ओहायोच्या प्रवाहानं खाली वाबॅशच्या मुखापर्यंत. आणि तिथून मिशिगन सरोवरावरच्या शिकागोपर्यंत.

मी वाचत होते आणि अण्णा डोळे मिटून हवेत बोट फिरवत होते. बोट शिकागोला थांबलं. "चतुःसीमा," ते हळूच म्हणाले. "ताबा कधीपासून तेही सांगितलं, विस्तव पेटवला म्हणून. आमच्यापुढे कोणी इतकं स्वच्छ सांगितलं नाही कधी."

वेनचं उत्तर दोन दिवसांनी आलं, आणि ते पक्क्या वकिलाचं आहे. तुम्ही दाखवलेल्या हद्दीत मला जागोजागी फ्रेंचांच्या आणि इंग्रजांच्या ठाण्यांच्या खुणा दिसतात. परमेश्वरानं पूर्वजांना जमीन अखंड राखायला सांगितली असेल, तर त्यांनी ते फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. म्हणजे पाहुण्याला ओसरीवर पथारी टाकू दिलीत, आता वाडा गेला.

३ ऑगस्टला तह झाला. क्युयाहोगा नदीच्या मुखापासून एक रेषा, खाली टस्करावस नदीपर्यंत, तिथून पश्चिमेला एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या दुकानापर्यंत (हो, हद्दीची खूण म्हणून तहात दुकान आहे), तिथून फोर्ट रिकव्हरी, तिथून खाली ओहायो नदी. रेषेच्या दक्षिण आणि पूर्वेचं सगळं अमेरिकेचं, म्हणजे आजच्या ओहायो राज्याचा बहुतेक भाग. बदल्यात वीस हजार डॉलरचा माल ताबडतोब, आणि दरसाल साडेनऊ हजार डॉलरचा, बारा जमातींत वाटून: सात मोठ्यांना हजार-हजार, पाच लहानांना पाचशे-पाचशे. छापील प्रतीत खाली नावांची रांग आहे. प्रत्येक नावाशी एक फुली. "नि. अं.," अण्णा म्हणाले. निशाणी अंगठा.

तारखा नुसत्या शेजारी ठेवून बघाव्यात. आमच्या बाजूच्या पट्ट्यात इनामाचे कागद १७८० च्या दशकातले. काँग्रेसनं मोजणीला हिरवा कंदील दाखवला १७९० ला. मॅसीची माणसं हिवाळ्यात बंदुका घेऊन साखळी ओढत होती. आणि जमीन मिळाल्याचा तह १७९५ चा. आधी वाटप, मग संपादन.

रेषेपलीकडची जमीन त्यांच्याकडे राहिली. पण कशी राहिली ते पाचव्या कलमात आहे. त्यांनी तिथे मनाला येईल तितके दिवस शिकार करावी, पेरावं, राहावं, कोणी त्रास देणार नाही. विकायची झाली तर मात्र फक्त संयुक्त संस्थानांनाच विकायची, दुसऱ्या कोणाला नाही.

अण्णांनी कलम पुन्हा वाचायला लावलं. मग त्यांनी जे म्हटलं ते मला एकाही इतिहासाच्या पुस्तकात सापडलं नव्हतं. "भोगवटादार वर्ग दोन."

ज्यांना सातबारा कधी वाचावा लागला नाही त्यांच्यासाठी: वर्ग एक म्हणजे मोकळी मालकी, हवी त्याला विका. वर्ग दोन म्हणजे जमीन तुमची, कसा, खा, पोराबाळांना ठेवा. पण सरकारच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. नावातच मालक हा शब्द नाही. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जॉन्सन विरुद्ध मॅकिन्टॉश या खटल्यात यावर शिक्कामोर्तब केलं. काही सट्टेबाजांनी क्रांतीपूर्वी थेट पियांकेशॉ आणि इलिनॉय लोकांकडून जमीन घेतली होती. मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांचा निकाल असा की तो व्यवहार धरता येत नाही, कारण शोध लावणाऱ्या युरोपीय सत्तेकडे मालकी गेली, मूळ लोकांकडे उरला तो वहिवाटीचा हक्क. आजही इथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना मालमत्ता हा विषय शिकवायला बहुधा याच खटल्यानं सुरुवात करतात. आपल्याकडचा वर्ग दोन निदान अर्ज करून, नजराणा भरून कधी कधी वर्ग एक होतो.

एकच गिऱ्हाईक असलेल्या बाजारात भाव कोण ठरवणार? जेफरसननं फेब्रुवारी १८०३ मध्ये इंडियाना प्रांताचा गव्हर्नर हॅरिसन याला खासगी पत्रात लिहिलं की सरकारी व्यापारी कोठ्या वाढवू, त्यांच्यातली वजनदार माणसं उधारीत बुडालेली आम्हाला बरीच वाटतील, कारण कर्ज झेपेनासं झालं की ती जमीन देऊन मोकळी होतात. राष्ट्राध्यक्षाच्या हस्ताक्षरात सावकाराचा सल्ला. हॅरिसननं तो मनापासून पाळला. एका वेळी एक जमात, एक सही. सामाईक खात्याचा मुद्दा पुन्हा उचलला टेकमसे या शॉनी तरुणानं, ज्यानं ग्रीनव्हिलवर फुली मारायचं नाकारलं होतं.

आणि इथे आमच्या डब्लिनचा म्हातारा येतो.

सायोटोच्या काठी बागेत बारा फूट उंच दगडी मुखवटा आहे. चुनखडीच्या पातळ फरश्या एकावर एक रचून केलेला, १९९० साली. मागून टेकाड चढलं की त्याच्या डोक्यात उभं राहता येतं, कपाळावरून नदीकडे बघता येतं. आमच्या मुलीचा पाचवा वाढदिवस तिथल्याच हिरवळीवर झाला. फोटोंत ती त्या डोक्यातून हात हलवतेय. हा लेदरलिप्स, वायंडॉट पुढारी शातेयारोन्या. कातडी ओठांचा, म्हणजे शब्द न मोडणारा, म्हणून गोऱ्यांनी ठेवलेलं नाव. ग्रीनव्हिलच्या फुल्यांत त्याची फुली आहे. मारल्या फुलीला तो जागला, शेजाऱ्यांशी भांडला नाही, टेकमसेच्या आघाडीत गेला नाही. जून १८१० मध्ये त्याच्याच जमातीचे लोक उत्तरेतून आले, जादूटोण्याचा आरोप ठेवला आणि नदीकाठी त्याला कुऱ्हाडीनं मारलं. जवळपासच्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी सोडवायचा प्रयत्न केला, तो फुकट गेला. सांगतात की त्यानं चांगले कपडे घातले, चेहरा रंगवला आणि मरणाचं गाणं म्हणत चालत गेला.

मी मुलीला तिथे खेळायला नेत होते तेव्हा फलक वाचला होता, पण कुऱ्हाड कोणाच्या हातात होती इथपर्यंतच. आता वाटतं, सामाईक म्हणणाऱ्याचं बरोबर होतं आणि सही पाळणाऱ्याचंही. दोघांना समोरासमोर उभं करणारा तिसरा होता, आणि तो त्या दिवशी नदीकाठी नव्हता.

अण्णा मुखवट्याच्या डोक्यात चढले नाहीत. "माणसाच्या डोक्यावर कसं उभं राहायचं," म्हणाले, आणि खालीच थांबले.

परत जायच्या आधीच्या रविवारी आम्ही अप्पर सँडस्कीला गेलो, उत्तरेला तासाभराचा रस्ता. वाटेत डेलावेअर आणि मॅरियन या गावांच्या मधे कुठेतरी ग्रीनव्हिलची रेषा ओलांडली जाते. गाडीतून काही दिसत नाही, दोन्हीकडे मकाच. रेषेपलीकडचं वायंडॉटांचं रान पुढच्या तहांत कमी होत होत १८१७ मध्ये बारा मैल लांब-रुंद राहिलं, आणि १८४२ मध्ये तेही गेलं. ओहायोतून निघालेली ही शेवटची जमात. जुलै १८४३ मध्ये सहाशेहून जास्त माणसं गाड्यांनी सिनसिनाटीला आणि तिथून आगबोटीनं कॅन्सासकडे गेली. तिथे कबूल केलेली जमीन हाती आलीच नाही. शेवटी त्यांनी लेनापेंकडून ६४०-६४० एकरांचे ३६ चौकोन विकत घेतले, एकरी दोन डॉलरनं. तीन चौकोन लेनापेंनी तसेच दिले. आपल्यासारख्याच उठवलेल्यांकडून. ३६ चौकोन, म्हणजे १७८५ च्या कायद्यातली बरोबर एक टाउनशिप, २३,०४० एकर. अण्णांनी गुणाकार गाडीतच केला.

निघताना वायंडॉटांनी आपलं दगडी चर्च आणि भोवतालची दफनभूमी मेथडिस्ट मिशनच्या स्वाधीन केली होती, सांभाळायला म्हणून. चर्च १८२४ चं, छोटंसं, आपल्याकडच्या दोन खणी शाळेएवढं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मेथडिस्ट चर्चनं ती जागा ओक्लाहोमातल्या वायंडॉट राष्ट्राला परत केली, कागद करून.

आम्ही गेलो तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. गवत नुकतंच कापलेलं, त्याचा ओला वास. मी थडग्यांवरची नावं वाचत होते. अण्णा कुंपणाकडेनं हळूहळू चालत निघाले, हात पाठीमागे, ओठ हलतायत. पावलं मोजत होते. म्हातारपणी गुडघे दुखतात, तरी एक कोपरा चुकवला नाही. चौथ्या कोपऱ्यावर झाडाला टेकून थांबले.

"किती म्हणालीस?"

"तीन एकराच्या आसपास."

"आता नाव कोणाचं लागलंय? त्यांचं?"

"त्यांचंच."

"फेरफार झाला म्हणजे," म्हणाले, आणि खिशातून डायरी काढून, उन्हाकडे पाठ करून लिहिलं: अप्पर सँडस्की, १२० गुंठे.